नदीला नकाशा कुणी दाखवलाय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार. आधीच सांगतो.

भाची सहावीत आहे. भूगोलाच्या चाचणीत प्रश्न होता, 'नद्या कोणत्या दिशेने वाहतात?' पोरीनं लिहिलं, 'जिकडे उतार असेल तिकडे.' त्यावर लाल फुली. शेजारी बाईंच्या अक्षरात 'उत्तरेकडून दक्षिणेकडे'.

अहो बाई, नकाशा भिंतीला टांगला की उत्तर वर येते, म्हणून पाणी तिथनं खाली ओघळतं होय? नाईल उत्तरेला जाऊन भूमध्य समुद्राला मिळते. सायबेरियातल्या ओब, येनिसेई, लेना पार आर्क्टिकपर्यंत उत्तरेलाच जातात. मारा त्यांच्यावरही फुली.

मला हे आजोबांनी शिकवलं, तेही मोरीपाशी. चाळीतल्या खोलीत नवी फरशी घातली आणि पहिल्याच सकाळी अंघोळीचं पाणी मोरीतनं बाहेर, थेट चुलीकडं. आजीचा ज्वारीच्या पिठाचा डबा भिजला. आजोबांनी माझ्या खिशातली गोटी काढून फरशीवर ठेवली. क्षणभर थांबली, मग गुमान चुलीकडं निघाली. "पाण्याला उत्तर-दक्षिण कळत न्हाई बे, ढाळ कळतो," म्हणाले आणि चप्पल घालून गवंड्याला शोधायला गेले.

अख्खं दख्खन म्हणजे तीच फरशी. पश्चिमेची कड सह्याद्रीनं उचललेली, बाकी सगळं पूर्वेकडं कललेलं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथनं अरबी समुद्र साठ-पासष्ट किलोमीटर. पण त्याच्याकडं पाठ करून ती सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. आपली भीमा तशीच. भीमाशंकरहून निघते, उजनीत अडते, पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते, हत्तरसंग कुडलला सीनेला घेते आणि रायचूरकडं कृष्णेत मिसळते. नर्मदा-तापी पश्चिमेला जातात, कारण तिथं जमीन खचून लांबच लांब चर पडलाय. गोटी चरातनंच जाणार की!

बरं, मान्य. सीना नगरकडून येते ती बरीचशी दक्षिणेलाच. लांबोटीला चिवडा खात पुलावर उभं राहिलं तर बाईंचं खरंही वाटेल. पुरात भीमा फुगली की संगमापाशी सीनेचं पाणी मागंसुद्धा सरतं. पण म्हणून उतार लिहिणाऱ्या पोरीला शून्य?

शाळेत फोन लावणार होतो. भाचीनंच मोबाइल काढून घेतला. "मामा, एकाच मार्काचं आहे, राहू दे." ते जास्त लागलं. आणि खरं सांगू, बाईंचा तरी दोष किती? वर्गभर पोरं, तपासायला गठ्ठा आणि हातात गाइड.

संध्याकाळी दोघं हॉलमध्ये गोटी घेऊन बसलो. फ्लॅट घेताना 'फरशी एकदम लेव्हलमध्ये' असं ऐकवलं होतं. गोटी सोफ्याखालून गेली, उंबरा नाही म्हणून दारही ओलांडलं आणि देवघराला जाऊन टेकली.

बाथरूम दुसऱ्या बाजूला आहे.