थंडी संपलेली नाही, द्राक्षवाल्यांनी पहाटेचं पाणी बंद करू नका

नाशिक-निफाडकडे सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, काल भावकीतल्या दोघांनी मलाही पाठवला. त्यात म्हटलंय की यंदाची थंडी संक्रांतीआधीच संपली, हवामान खात्यानेच थंडी सरासरीपेक्षा कमी सांगितलीय, ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होणं, ज्याने आपल्याकडे थंडी वाढते असं मानतात) फेल गेला, आता थेट उन्हाळा, त्यामुळे द्राक्षवाल्यांनी शेकोट्या आणि पहाटेचं पाणी बंद करावं. ही शेवटची ओळ नसती तर मी सोडून दिलं असतं, पण मणी फुगवणीत असताना कोणी हे ऐकलं तर वर्षभराची मेहनत एका पहाटेत जाईल.

पहिला मुद्दा, दहा दिवस उबदार गेले म्हणजे थंडी संपली. अहो, आभाळ आलं की रात्री जमिनीची उष्णता वर निघून जात नाही, त्यात बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आला की पहाटेही गोधडी नको वाटते, आणि आभाळ फाकून उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाला की दोन-तीन रात्रींत पारा कोसळतो. 2024 चंच बघा ना. नोव्हेंबरअखेर मस्त थंडी पडलेली, 30 नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं, आपल्याकडे आभाळ आलं आणि थंडी गायब. मुंबईत सांताक्रूझला 4 डिसेंबरला दुपारचं तापमान 37.3, म्हणजे 2008 नंतरचा डिसेंबरातला सगळ्यात गरम दिवस, तेव्हाही सगळे हेच म्हणत होते की गेली थंडी. 9 डिसेंबरच्या पहाटे त्याच सांताक्रूझला 13.7. मधे फक्त पाच दिवस.

दुसरा, हवामान खात्याचा अंदाज. तो डिसेंबर ते फेब्रुवारी अशा तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो आणि तोही शक्यतेच्या भाषेत. कोणत्या रात्री पारा किती उतरेल हे त्यात नसतंच. 2024 च्या डिसेंबरच्या सुरुवातीलाही खात्याने देशाच्या बहुतेक भागात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील असंच सांगितलं होतं आणि वर सांगितलेली 13.7 ची पहाट त्यानंतर आठवड्याभरात आली. अख्खा सीझन उबदार गेला तरी त्यात चार रात्री कडाक्याच्या असू शकतात, आणि बागेला त्या चारच रात्री पुरतात.

ला निनाचं थोडक्यात सांगतो. 2022-23 च्या हिवाळ्यात ला निना होता, तरी 2023 च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनचं सगळ्यात जास्त होतं. म्हणजे ला निना आला की थंडी आणि नाही आला की उन्हाळा असा सरळ हिशोब नाही, आपल्याकडची थंडी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतात येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणाली, कसे जातात आणि मागून उत्तरेचा वारा कसा येतो यावर जास्त ठरते.

आणि संक्रांत. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो, खरंय, पण 8 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत 8.5 होतं आणि 9 फेब्रुवारी 2012 ला नाशिकला 2.7! संक्रांत होऊन तीन-साडेतीन आठवडे झाल्यावर. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ती पहाट अजून आठवते.

आता बागेचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उबदार आठवड्यात वेल जोमात चालतो, मणी कोवळा असतो, आणि नेमकं त्यावर थंडी आली की फुगवण थांबते, मणी तडकतात, पाणी उतरायच्या वेळेला, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागते तेव्हा, थॉमसन या हिरव्या जातीला पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात, आणि एक्सपोर्टचा माल लोकलला द्यावा लागतो. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा गरम असतं म्हणून तर आपण ड्रीप त्या वेळेला चालवतो. आभाळ असताना भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांवर लक्ष ठेवा, ते वेगळं काम आहे, पण शेकोटीचा पालापाचोळा बांधावरच राहू द्या, घडांना पेपर लावायचे असतील तर मजूर आत्ताच सांगून ठेवा, आणि शहराचा आकडा बघून निवांत होऊ नका, निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा बघा, तो बहुतेक वेळा नाशिकपेक्षा खाली असतो. मळ्यात नदीकाठच्या खोलगट जागेत त्याहून कमी असू शकतं, एक साधा थर्मामीटर बागेतच टांगा.

ज्यांची लाईट रात्रपाळीची आहे त्यांनी पहाटे चारचा टायमर तसाच राहू द्या. आमचा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालू राहणार आहे.