ताईला बोलावणं करताना

माझी ताई गेल्या चार वर्षांत एकाही लग्नामुंजीला आलेली नाही. तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. नातेवाईक म्हणतात, "पोरामुळे बिचारी घरात अडकली." मला हे अजिबात पटत नाही. ती आपल्यामुळे अडकली आहे.

त्या शेवटच्या मुंजीत मी तिच्यासोबत होते. मंगलाष्टकं संपून बँड सुरू झाला, तसा पोरगा कान गच्च दाबून खुर्चीखाली शिरला आणि किंचाळायला लागला. ताई नेसत्या पैठणीनिशी फरशीवर आडवी झाली आणि हळू आवाजात आकडे म्हणू लागली. एक, दोन, तीन... आकडे ऐकले की तो निवतो. ती बारापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "एक धपाटा घातला असता तर कधीच गप्प झाला असता." पंगतीत एका काकूंनी कुठल्याशा बाबांचा पत्ता दिला. ताई भरलं ताट सोडून उठली.

ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, वर्णन बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली केलं. पुढे कित्येक वर्षं 'आईनं माया लावली नाही' म्हणून आयांनाच दोष दिला गेला. ते खोटं ठरून जमाना झाला. लसीमुळे ऑटिझम होतो म्हणणारा १९९८चा निबंधही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१०मध्ये मागे घेतला. तरी ताईला आजही विचारतात, "गरोदरपणात नोकरी करत होतीस ना?"

कृपा करून तिला उपाय सुचवू नका. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळेच्या खेपा, सगळं ती करतेच आहे. सांगायचंच असेल तर कामाचं सांगा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर गरज असेल तर कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. कितीतरी आईबापांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. "आमच्यानंतर याचं कोण?" हा प्रश्न मात्र रोज रात्री उशाशी असतो.

आणि बोलावणं थांबवू नका. फक्त आधी विचारा, त्याला कशाचा त्रास होतो.

गेल्या गणपतीत ताईच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं. "झांजा नको ना त्याला? मग सातची आरती आम्ही नुसत्या टाळ्यांवर करतो. तुम्ही या. मोठी आरती नंतर होईल." तो आला. हेडफोन गळ्यात, पाठ भिंतीला टेकलेली. टाळ्या त्याच्याच लयीत वाजवल्या. मोदक नुसता हुंगला आणि काकूंच्या हातावर परत ठेवला. काकूंनी तो तिथेच खाऊन टाकला.

ताई ती मुंजीतलीच पैठणी नेसून आली होती.