मदत पोराच्या घरी जाऊ द्या, पोराला घरातून नेऊ नका

दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास अमळनेरात आम्ही काही जण पैसे जमवतो. आम्ही म्हणजे काही निवृत्त शिक्षक, दोन-तीन केळीवाले, एक मेडिकलवाले भाऊ आणि बँकेतून रिटायर झालेल्या एक ताई. संस्था नाही, बॅनर नाही, कार्यक्रम नाही. पैसे जातात नेपाळच्या पश्चिम टोकाला, अछाम आणि बाजुरा या डोंगराळ जिल्ह्यांतल्या काही घरांत. तिकडचं शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणून आखाजी गाठायची असते. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "आपला पोरेसले सोडीसन तठे पैसा काब्रं धाडतस ताई?" म्हणजे, आपली पोरं सोडून तिकडे पैसे का पाठवता?

विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. नंदुरबारच्या धडगाव आणि अक्कलकुव्यातलं कुपोषण मी कागदावर वाचलेलं नाही, वर्गात पाहिलंय. नोकरीची सुरुवातीची वर्षं सातपुड्यातच गेली. २०१८ साली केंद्राने देशातले मागास जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबारचं नाव त्यात होतं, आणि ते बघून तिकडे नोकरी केलेल्या कुणालाच नवल वाटलं नसेल. मग नेपाळ कशाला?

माझं उत्तर बहात्तरच्या दुष्काळातलं आहे. मी तेव्हा शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकत होते. विहिरी आटल्या होत्या, आई-वडील खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. शाळेत दूध पावडर कालवून द्यायचे, ती 'केअर' नावाच्या अमेरिकन संस्थेची. ही संस्था १९४५ साली निघाली ती महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपातल्या घरांना खाण्याचे डबे पाठवायला. म्हणजे आधी युरोपातल्या पोरांनी खाल्लं, मग आम्ही खाल्लं. त्या पावडरीसाठी पैसे देणाऱ्या तिकडच्या कुठल्याशा बाईलाही तिच्या शेजारणीने विचारलंच असेल की आपल्याकडे गरीब कमी आहेत का. तिने तरीही दिले. मी ते दूध प्यायलेय, त्यामुळे 'आधी आपलं' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आणि आमच्यातला जो नेपाळला देतो तो सातपुड्यालाही देतो, हेही सांगून ठेवते. न देणाऱ्याचाच हिशोब बहुतेकदा पक्का असतो की कुणाला आधी द्यायचं.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्या कारणाने. गेल्या काही दिवसांत आपल्याच ओळखीतल्या दोन घरांनी परदेशातल्या अनाथालयांना पैसे द्यायचं ठरवलंय. एका घरची मुलगी तर सुट्टी काढून दोन आठवडे कंबोडियातल्या अनाथालयात 'व्हॉलंटिअर' म्हणून निघालीय. मन चांगलं आहे, यात शंका नाही. म्हणूनच काही गोष्टी तिच्यापर्यंत आणि तुमच्यापर्यंत पोचाव्यात असं वाटतं.

आमचं हे काम सुरू झालं ते आमच्या कॉलनीतल्या गुरख्यामुळे. रात्री शिट्टी वाजवत फिरायचा, महिन्याच्या सुरुवातीला दारोदार पैसे मागायला यायचा. बायको, म्हातारी आई आणि मुलं गावी, अछामला. एकदा संध्याकाळी तो एक रंगीत पत्रक घेऊन आला. "मॅडम, देखो ना, स्कूल अच्छा है क्या?" पत्रक इंग्रजीत होतं. काठमांडूतली तीन मजली इमारत, अंगणात पोरं, मध्ये गोरे पाहुणे. गावात एक माणूस आला होता म्हणे. मुलाला इंग्रजी शाळेत घालतो, राहणं-खाणं फुकट, फक्त न्यायचा खर्च म्हणून सुरुवातीला काही हजार द्या. बायको आजारी होती, सावकाराचं कर्ज डोक्यावर होतं, आणि मोठा मुलगा आठ वर्षांचा. घरच्यांना वाटलं, एकाचं तरी भलं होईल.

मी पत्रक वाचलं. त्यात लिहिलं होतं की इथली सगळी मुलं अनाथ आहेत, कृपया दरमहा मदत करा. आणि ज्याचा मुलगा तिथे जाणार होता तो बाप माझ्या ओट्यावर उभा होता.

त्याला मी तसंच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लेकिन मैं तो ज़िंदा हूँ ना मॅडम."

हा प्रकार एकट्याच्या नशिबाचा नव्हता, हे मला नंतर वाचताना कळलं. नेपाळात १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं, त्या काळात हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलालांनी शेकडो पोरं अशीच नेली. बंदूकवाले पोरांना उचलून नेतात, त्यापेक्षा शहरात शिकू देत, असं म्हणत आईबापांनी जमिनी विकून दलालांना पैसे दिले. काठमांडूला पोचल्यावर पोरांचे कागद बदलले, अनाथ म्हणून नोंद झाली. युद्ध संपलं तरी धंदा राहिला. नेपाळचा नकाशा काढून बघा, बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन या जिल्ह्यांत आहेत. गरिबी जिथे सगळ्यात जास्त, तिथे नाहीत. पर्यटक जिथे उतरतात तिथे आहेत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली, तेव्हा सरकारला घाईने नियम काढावा लागला की परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेता येणार नाही. संकट आलं की दलालही पोचतात, हे सरकारला अनुभवाने ठाऊक होतं.

कंबोडियाचं तेच. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथालयांची संख्या पंचाहत्तर टक्क्यांनी वाढली. युद्ध नव्हतं, साथ नव्हती, अनाथ वाढले नव्हते. अंगकोर वाटचं मंदिर बघायला येणारे लोक वाढले होते. युनिसेफ सांगतं की तिथल्या अनाथालयांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. पोरं गरीब घरची होती, आणि पाहुण्यांना अनाथ बघायचे होते. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली, कारण पैसे देणारे आणि सुट्टीत जाणारे त्यांचेच नागरिक होते. आता आपल्याकडेही पासपोर्ट आणि पगार आलेत, तेव्हा हा विचार आपल्यालाही करावा लागणार.

दोन आठवडे जाऊन पोरांना जीव लावायचा आणि निघून यायचं. मग पुढची टोळी येते, तीही जीव लावते, तीही जाते. ज्या मुलाने आई आधीच सोडलीय, त्याला वर्षभर हेच. नोकरीत असताना मी एकदा दिवाळीची सुट्टी संपवून आश्रमशाळेत परत आलेली पहिलीची पोरं पाहिली होती. एस.टी. निघाली तरी एक मुलगी आईचा पदर सोडेना. ती तर आखाजीला घरी जाणार होती, तिचं घर तिला ठाऊक होतं. काठमांडूतल्या पोराला गावाचं नावही आठवेनासं होतं.

ही नुसती माझी माया नाही. रोमानियात बुखारेस्टला २००० साली शास्त्रज्ञांनी अनाथालयांतली १३६ लहान मुलं निवडली, त्यातल्या निम्म्यांना कुटुंबांत ठेवायची सोय केली आणि सगळ्यांना वर्षानुवर्षं तपासलं. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि माणसांशी जवळीक करायची ताकद जास्त भरून आली, आणि जितक्या लहान वयात घर मिळालं तितका फायदा जास्त. संस्थेत खायला होतं, झोपायला होतं, एकेका पोराकडे बघणारं एक माणूस नव्हतं.

आपल्या राज्यालाही हे कळलेलं आहे, आपल्या दानशूर लोकांपर्यंत ते पोचलेलं नाही इतकंच. २०१५चा बालन्याय कायदा म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेल्या किंवा घर अडचणीत असलेल्या मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, ते घरातच वाढावं म्हणून. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या आईबापांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पोर गावातच राहावं, शाळा सुटू नये म्हणून. अंमलबजावणीवर मी वेगळी पोस्ट लिहू शकेन, पण विचार बरोबर आहे. धडगावच्या पोरासाठी जो विचार बरोबर, तो अछामच्या पोरासाठी का नाही?

खरोखर कुणीच नसलेली मुलं असतात, त्यांना आसरा लागतोच. डोंगरात वरच्या वर्गांची शाळा नसेल तर वसतिगृहही लागतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते आई जिवंत असताना पोराला अनाथ करणाऱ्या मदतीबद्दल.

तर त्या गुरख्याच्या घरी शेवटी काय लागलं? मुलाला काठमांडूला पाठवायचं कारण शाळा नव्हतंच, कर्ज होतं. गावात शाळा आहे, चालत जाता येते. आम्ही सावकाराचं कर्ज फेडलं, बायकोच्या उपचाराला पैसे दिले, वह्या, गणवेश आणि थंडीसाठी जाकीट. शेळ्या घ्यायचं गुरख्याच्या म्हाताऱ्या आईने ठरवलं, आम्हाला विचारलंही नाही, आणि बरंच केलं. तिच्या गावात काय पिकतं, काय विकतं हे आम्हाला अमळनेरात बसून काय कळणार? मुलगा आजीजवळच शिकतोय. मग गुरख्याच्याच ओळखीने भुसावळ, जळगावला काम करणाऱ्या इतर नेपाळी माणसांची घरं कळत गेली.

पैसे उडवतील, दारू पितील, ही भीती मला पुष्कळांनी बोलून दाखवली. केनियात 'गिव्हडायरेक्टली' नावाची संस्था गरीब कुटुंबांना थेट रोख पैसे देते, कसल्याही अटीशिवाय. त्याचा नीट अभ्यास होऊन २०१६ साली छापला गेला. लोकांनी खाण्यावर जास्त खर्च केला, गुरं घेतली, गवताच्या छपराच्या जागी पत्रे घातले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. गरीब बाई पैसा कसा वापरते हे आपण आपल्या बचतगटांत पाहतोच की. तिच्यावर विश्वास ठेवायला आपल्याला एवढं जड का जातं?

आता फोटोंबद्दल. आमच्या यादीतले एक दाते पुण्यात असतात. त्यांनी मागितलं की मुलांचा आभार मानतानाचा छोटा व्हिडिओ पाठवा, नातवंडांना दाखवतो. मी नाही म्हटलं. वाईट वाटलं त्यांना, दुसऱ्या वर्षी त्यांनी पैसे दिले नाहीत. मला ते चालेल. आपल्या नातवाला आपण अनोळखी माणसासमोर हात जोडून 'मी गरीब आहे, तुमचे उपकार' असं म्हणायला लावू का? हिशोब मागा, जरूर मागा. पैसे कधी गेले, कशाला गेले, शाळेचा निकाल काय, हे सगळं मी देते. पोराचा चेहरा हिशोबात धरायचा नाही.

ज्यांना पाठवायचे आहेत त्यांच्यासाठी व्यवहाराचं थोडं. नेपाळला पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सोय २००८ पासून आहे. एनईएफटी असलेल्या बँकेतून जातात, एका वेळी दोन लाखांपर्यंत, आणि तिकडे नेपाळी रुपयांत मिळतात. आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशे साठ. यावर करसवलत मिळत नाही. नोंदणीकृत ट्रस्टमधून देशाबाहेर खर्च करायला गेलात तर ट्रस्टची करसवलत अडचणीत येते, म्हणून ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या नावाने द्यावं. मंडळाचे किंवा पतपेढीचे पैसे यात आणू नका. एखाद्या मोठ्या संस्थेला देणार असाल तर एकच विचारा, तुमच्याकडे आलेल्या मुलांपैकी किती जण परत आईवडिलांकडे गेले? उत्तर देताना जो अडखळेल त्याला देऊ नका.

आणि कंबोडियाला निघालेल्या त्या मुलीसाठी. बेटा, तू नर्सिंग शिकलीयस. तिथल्या नर्सांना किंवा आरोग्यसेविकांना काही शिकवता येत असेल, तर बोलावणाऱ्यांना विचारून जरूर जा, जास्त दिवस जा. पण पोरांना कडेवर घेऊन फोटो काढायला जाऊ नकोस. तिकिटाचे पैसे अजून भरले नसशील तर मला फोन कर. बाजुऱ्यातली एक आई यंदा दोन्ही मुलींना शाळेत ठेवायचं म्हणतेय. नवरा इथे हॉटेलात भांडी घासतो, त्याच्याकडूनच खात्याचा नंबर घेऊन देते, तुम्ही दोघं समोरासमोर बोलून घ्या.