तोरा हातून पडली तर ४० दिवस उपास?

‘सिनगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) तोराची (त्यांच्या पवित्र ग्रंथाची) गुंडाळी हातून पडली, तर पाहणाऱ्या प्रत्येक ज्यू माणसाला सलग ४० दिवस उपास करावा लागतो,’ असा संदेश सध्या फिरतोय. हे बरोबर नाही.

असा नियम तालमुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथात नाही, शुल्हान आरुख या त्यांच्या धर्मनियमांच्या संहितेतही नाही. उपासाची प्रथा मात्र खरी आहे. १७व्या शतकातल्या ‘मागेन अव्राहाम’ या भाष्यात तिची नोंद सापडते, पण ४० दिवसांचा आकडा नाही. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी रब्बी (ज्यू धर्मगुरू) एक दिवस किंवा सोमवार-गुरुवार-सोमवार असे दिवसाउजेडीचे उपास सांगतात. आजारी, वयस्कर माणसांना त्याऐवजी दानधर्म चालतो.

या शिक्षेच्या गोष्टीत मूळ आदरभाव झाकला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. तोरा बाहेर आणली की सगळे उठून उभे राहतात. चामड्यावर हाताने लिहिलेल्या ३,०४,८०५ अक्षरांना उघडं बोट लावत नाहीत. ओळ दाखवायला टोकाला हाताचा पंजा असलेली छोटी चांदीची काडी असते. साधं प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं तरी लगेच उचलून त्याचं चुंबन घेतात. आणि जीर्ण झालेली तोरा जाळत नाहीत, मातीच्या भांड्यात ठेवून पुरतात.