किल्लीवाल्याला चोर ठरवणारा तो मेसेज

आधी गल्लीच्या ग्रुपवर, मग भिशीच्या ग्रुपवर आणि शेवटी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, असा एकच मेसेज माझ्याकडे तीनदा आला. थोडक्यात तो असा: 'मोटारसायकलची डुप्लिकेट किल्ली रस्त्यावर कधीच बनवू नका. किल्लीवाला एक जादा किल्ली स्वतःकडे ठेवतो आणि चोरांना देतो. डुप्लिकेट किल्लीनं लॉक खराब होतं. डुप्लिकेट केल्याचं कळलं तर इन्शुरन्सवाले एक रुपया देत नाहीत. किल्ली हरवली तर शोरूममध्ये पूर्ण लॉकसेट बदलणं हा एकच मार्ग. या लोकांवर विश्वास ठेवू नका. पुढे पाठवा.'

मी पुढे पाठवला नाही. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होते. कानशीच्या आवाजात आम्ही वाढलो, त्यामुळे 'या लोकांवर' हे शब्द मला लागले. तरी राग बाजूला ठेवून एकेक मुद्दा बघते, कारण यातले दोन मुद्दे अर्धे खरे आहेत आणि लोक फसतात ते त्या अर्ध्यामुळेच.

जादा किल्लीचा मुद्दा सगळ्यांत जास्त घाबरवणारा, म्हणून तो आधी. मूळ किल्लीवरून दुसरी करायची असेल तर तुम्ही फक्त किल्ली घेऊन जाता. मशीनच्या एका पकडीत तुमची किल्ली, दुसऱ्या पकडीत कोरी ब्लँक, म्हणजे दात न कापलेली किल्ली. एका बाजूची सुई तुमच्या किल्लीच्या दातांवरून सरकते, तशीच दुसऱ्या बाजूची चकती ब्लँक कापत जाते. मग कड कानशीनं साफ करतात. दोन-चार मिनिटांचं काम, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर होतं. किती ब्लँका कापल्या हे उभं राहिलं की दिसतं. समजा त्यातूनही त्यानं एक ठेवली. त्याला तुमची गाडी कुठली, राहता कुठं, हे ठाऊक नाही. गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत लागलेल्या हजारो गाड्यांत तो ती किल्ली कशाला लावत फिरेल?

चोराला मुळात किल्ली लागतच नाही. झटका देऊन हँडल लॉक तोडायचं आणि इग्निशनच्या वायरी जोडून गाडी 'डायरेक्ट' करायची, ही त्याची पद्धत. जुन्या गाडीला तर तेवढीही तसदी नको. लॉकच्या आत पितळी पट्ट्यांची रांग असते. किल्लीचे दात बरोबर असले की सगळ्या पट्ट्या सिलिंडरच्या, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाच्या, पातळीत बसतात आणि तो फिरतो. दहा-बारा वर्षं वापरून पट्ट्या घासल्या की दुसऱ्याच गाडीची किल्ली थोडी हलवली तरी कधीकधी लॉक फिरतं. अशा गाडीला साखळी किंवा डिस्क लॉक लावा, ते खरं उपयोगाचं.

आणि किल्लीची माहिती खरोखर बाहेर जाते ती आपल्याच हातानं. दसऱ्याला नवी गाडी घेतली की अंबाबाईला किंवा जोतिबाला जायचं, हार घालायचा आणि किल्ली हातात धरून स्टेटसला फोटो टाकायचा, हे आपल्याकडे घरोघर होतं. मीही केलंय. पण जवळून काढलेल्या स्वच्छ फोटोवरून दातांची खोली ओळखून किल्ली कापता येते. काही किल्ल्यांवर तर नंबरच कोरलेला असतो. दुसरी सवय नंबरप्लेटच्या कीचेनची. एमएच ०९ आणि पुढे गाडीचा पूर्ण नंबर! ती किल्ली मंडईत पडली तर ज्याला सापडेल त्याला गाडी शोधायला वेळ लागणार नाही. ज्यांनी तो मेसेज मला पाठवला, त्यांतल्या एका ताईंच्या किल्लीला असंच कीचेन आहे. मी त्यांना फोन करून सांगितलं, आणि त्यांनी ते काढलं.

लॉक खराब होण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वाईट किल्लीनं लॉक खराब होतं, चांगल्या किल्लीनं होत नाही. खरी चूक होते ती डुप्लिकेटवरून पुन्हा डुप्लिकेट काढताना. प्रत्येक वेळी केसभर फरक पडतो, आणि तिसऱ्या पिढीची किल्ली ओढाताण केल्याशिवाय फिरत नाही. आमच्या भागातले किल्लीवाले मामा मला स्पष्ट म्हणाले होते, "वहिनी, घरात पडलेली कोरी ओरिजनल आणा. रोजची घासलेली आणू नका. कॉपीवरनं कॉपी मी करत न्हाई." नवी किल्ली घरी नेऊन इग्निशन, टाकी आणि साइडचं लॉक, तिन्हीकडे लावून बघा. अडकली तर जोर लावू नका, परत न्या, दोन घास मारून मिळते. आपल्याकडच्या पावसात लॉक जड होतं तेव्हा लोक त्यात इंजिन ऑइल सोडतात. त्यावर धूळ बसून चिकटा होतो. ग्रॅफाइटची पूड बरी.

आता इन्शुरन्स. इथं अर्धं खरं आहे. गाडी चोरीला गेल्यावर क्लेम करताना कंपनी एफआयआर, आरसी यांच्याबरोबर दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक कमी असेल तर प्रश्न विचारते, कारण गाडी किल्लीसकट कुणाला दिली नाही ना किंवा किल्ली लावून सोडली नव्हती ना, हे तिला बघायचं असतं. गाडीची वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीतलीच अट आहे. 'एक रुपया देत नाही' ही मात्र मेसेजवाल्याची भर. मूळ दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे असतील तर तिसरी कुठं करून घेतली, यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि जरा नीट विचार केला तर हाच मुद्दा डुप्लिकेट करून घेण्याच्या बाजूचा आहे. मूळ किल्ल्या सांभाळायच्या आहेत ना? मग एक मूळ कपाटात ठेवा आणि मुलाला क्लासला जायला डुप्लिकेट द्या. तो ती रंकाळ्यावर हरवून आला तरी क्लेमसाठी लागणाऱ्या दोन्ही किल्ल्या घरात सुरक्षित. मूळ किल्लीच हरवली असेल तर त्याच आठवड्यात पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करा आणि कागद पॉलिसीजवळ ठेवा. चोरी झाल्यावर 'ती आधीच हरवली होती' असं तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा, एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे 'पाच वर्षं काळजी नाही' असं अनेकांना वाटतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी यांचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो, तो संपला की पुढे भरलाच जात नाही. थर्ड पार्टीत चोरीचे पैसे मिळतच नाहीत, मग किल्ल्या दोन असोत की दहा. डुप्लिकेटची भीती पसरवण्याआधी आपली पॉलिसी उघडून एवढं बघा.

राहिला लॉकसेट. मागच्या वर्षी माझ्या स्कूटरची किल्ली हरवली. एका शोरूमच्या काउंटरवर मला हेच ऐकवलं, सेटच बदलावा लागेल. सेट म्हणजे इग्निशन, टाकीचं झाकण, सीटचं लॉक आणि दोन नव्या किल्ल्या, वर मजुरी. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्याला नंबराची छोटी पट्टी येते, त्या नंबरावरून किल्ली मागवता येते का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं तर ती पट्टी हरवलेल्या किल्लीलाच लटकत होती! म्हणून सांगते, पट्टी असेल तर ती आजच जुडग्यातून काढून आरसीच्या झेरॉक्सला लावा. मागवलेली किल्ली यायला वेळ लागतो आणि प्रत्येक कंपनीचं प्रत्येक मॉडेल मिळेलच असं नाही, पण सेट उतरवण्याआधी विचारायचा हक्क आपला आहे.

शेवटी मी किल्लीवाल्या मामांना घरी बोलावलं. एकही किल्ली नसताना ते लॉकवरून किल्ली काढतात. कोरी ब्लँक आत घालून दाबून फिरवायची, पट्ट्यांच्या खुणा पडतात, तिथं तेवढंच कानशीनं घासायचं, पुन्हा घालायची. बऱ्याचदा टाकीचं लॉक खोलून त्यावरून सुरुवात करतात, कारण ते उतरवायला सोपं. माझ्या अंगणात हे काम पाऊण तास चाललं. त्यांनी पिशवी उघडायच्या आधी काय मागितलं असेल? आरसी. नाव वाचलं, माझं लायसन बघितलं, मगच स्क्रू ड्रायव्हर काढला. ज्याला तो मेसेज चोरांचा साथीदार म्हणतो, त्यानं विचारलं की गाडी तुमचीच का. तुमच्याकडे येणाऱ्यानं विचारलं नाही, तर तुम्ही स्वतः दाखवा. त्याचीही सवय पक्की होते.

मेसेज खरा ठरतो तो चिपच्या गाड्यांबाबत. २०२३ मध्ये अॅक्टिव्हाची एच-स्मार्ट आली, ती दातांच्या किल्लीनं सुरू होत नाही, खिशातली स्मार्ट की गाडीशी नोंदवावी लागते. काही महागड्या मोठ्या बाईकच्या किल्लीत चिप असते, ती ओळखली तरच गाडी सुरू होते. दात कापून दिले तर लॉक फिरेल, इंजिन सुरू होणार नाही. तिथं कंपनीकडेच जायचं, आणि दोन्ही हरवण्याआधी जायचं, कारण एक चालू किल्ली हातात असली की पुढचं काम सोपं होतं.

आणि लॉकसेट खरोखर बदलायची एक वेळ आहे, तिच्याबद्दल या मेसेजमध्ये चकार शब्द नाही. जुनी गाडी विकत घेताना 'दुसरी किल्ली हरवली हो' असं सांगून एकच किल्ली हातात ठेवतात. ज्याच्याकडे ती दुसरी आहे त्याला गाडी, नंबर आणि बहुतेक वेळा तुमचा पत्ताही माहीत असतो. माझ्या पुतण्यानं अशीच एकाच किल्लीवर गाडी आणली. आम्ही विकणाऱ्याला फोन केला, किल्ली सापडली नाही म्हणाला. त्याच रविवारी आम्ही सेट बदलला आणि त्याचे पैसे गाडीच्या उरलेल्या रकमेतून कापून घेतले.