भावपूर्ण श्रद्धांजलीचे पुणेरी नियम

दूरदर्शनच्या जमान्यातला एखादा नट गेला, की आधी घड्याळ पाहावं. खातरजमा करत बसलात तर समोरच्या विंगमधले कुलकर्णी पहिले टाकून मोकळे होतात.

नाव लागत नाही. ‘ते हो, आपल्या मालिकेतले’ एवढ्यावर भागतं.

फोटो मात्र हवाच, आणि हाताला लागेल तो. ऑगस्ट २०२५ मध्ये दूरदर्शनवरच्या चिमणराव-गुंड्याभाऊच्या मालिकेतले बाळ कर्वे गेले, ९५ व्या वर्षी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी हार घातलेला फोटो आला, तो दिलीप प्रभावळकरांचा! खाली जोडलेल्या हातांची रांग. मी लिहिलं, अहो, हे चिमणराव, हयात आहेत; गेले ते गुंड्याभाऊ. उत्तर आलं, ‘काका, भावना महत्त्वाची.’ त्यावर दुसरे, ‘मालिका एकच ना?’ एकच! अहो, चिमणरावांचा भित्रेपणा उठून दिसायचा तो शेजारी हा धिप्पाड गडी छाती काढून उभा असायचा म्हणून. तो आडदांडपणा जरा जास्त झाला असता तर सोंग झालं असतं, कमी पडला असता तर चिमणरावांचीही मजा गेली असती. आणि याला आपण म्हणायचं दुय्यम भूमिका!

‘आपला पुण्याचा माणूस’ हे न विसरता लिहावं. जन्म इथला आहे, तेवढं पुरतं. पुढे मुंबई महापालिकेत इंजिनिअरची नोकरी सांभाळून त्यांनी रंगभूमी केली, हे कोण वाचतंय?

मग आठवणी काढाव्यात. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारं चित्र, वाड्यात एकच टीव्ही, पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली. आवंढा गिळावा. मग ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल टाकावं.

छे! लाज वाटत नाही? चिं. वि. जोशींच्या पुस्तकातला गुंड्याभाऊ ज्या माणसानं तुमच्या घरात आणून उभा केला, त्याला जन्मभर गुंड्याभाऊ म्हणूनच हाका मारल्यात. गेल्यावर तरी नाव लिहायचंत! बाळ कर्वे. चार अक्षरं आहेत. आणि अ‍ॅडमिनसाहेब, तो हारवाला फोटो अजून तिथंच आहे. काढा आधी तो.