आई भ्रमिष्ट झाली नव्हती, तिचं सोडियम उतरलं होतं

गेल्या वैशाखातली गोष्ट. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी चालू. "मीठ कमी करा" म्हटल्यावर तिनं आमटीतलंही मीठ सोडलं. त्यात ऊन. जो तो सांगायचा, पाणी भरपूर पी. ती तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, जेवण मात्र दोन घास. आठवड्यात पाय लटपटायला लागले, उलट्या झाल्या आणि एका सकाळी तिनं मला मामाच्या नावानं हाक मारली. मामा जाऊन बारा वर्षं झाली.

शेजारी म्हणाले, वय झालं. कुणी अंगारा आणला. मी गावातच सलाईन लावून आणलं, ग्लुकोजचं. संध्याकाळी ती आणखी गुंगीत. बेळगावला नेल्यावर रक्त तपासलं, तर सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, ११३. असावं लागतं १३५ ते १४५.

डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. सोडियम उतरलं की पाणी पेशींत शिरतं. मेंदू कवटीत बंद, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून आधी गोंधळ, मग झटके. तिच्या गोळीत थायझाइड होतं, ते लघवीवाटे मीठ घालवतं. ग्लुकोजच्या सलाईनमधली साखर शरीर वापरून टाकतं, उरतं नुसतं पाणी. म्हणजे ज्याचा त्रास होता तेच मी तिच्या शिरेत सोडलं होतं. हे अजून सलतं.

मी म्हणालो, मग भराभर मीठ चढवा की! ते म्हणाले, नाही. २४ तासांत ८ ते १०च्या वर वाढवायचं नाही, घाईनं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ३ टक्के मिठाचं सलाईन थेंबथेंब, दर काही तासांनी रक्ततपासणी, प्यायचं पाणी मोजून, ती गोळी बंद. तिसऱ्या रात्री आईनं विचारलं, "म्हशीची धार कुणी काढली?" मी बाहेर जाऊन रडलो.

"अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" हा हट्ट आपणच धरतो. बाटल्या दिसायला सारख्या, आतलं वेगळं. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर आधी सोडियम-पोटॅशियम तपासा म्हणा, आणि चालू गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढं ठेवा. माझं वाचून कुणी मनानं मीठ वाढवू नका, हृदयाच्या रुग्णाला ते भारी पडेल. किडनीच्या रुग्णाला तर शहाळंही विचारूनच द्या. त्यातलं पोटॅशियम साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात. 'कमी सोडियम'वाल्या मिठातही बहुधा पोटॅशियमच असतं.

जुलाब-उलट्यांत मात्र ओआरएससारखं दुसरं काही नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या साथीत त्यानंच असंख्य जीव वाचवले. साखर आतड्यातून मिठाला आणि पाण्याला सोबत घेऊन आत जाते, एवढीच किमया. पण मोठं पाकीट अख्खं एका लिटर पाण्यात घालायचं असतं, आणि आमच्या घरातल्या पाकिटावर मराठीचा एक शब्द नाही. सीमाभागातल्या किती आया ते अख्खं पाकीट एका पेल्यातच ढवळून पाजत असतील! आमच्या गल्लीतल्या सात घरांत मी बाटलीवर लिटरची रेघ मारून दिली आहे.